बदलाचे नेतृत्व शिकू पाहणाऱ्यांसाठी: बडोद्यातून मांडलेल्या काही पायऱ्या

दर वर्षी पावसाच्या तोंडावर बडोद्यातली दोन-चार तरुण मंडळी माझ्याकडे साधारण एकच प्रश्न घेऊन येतात. कोणी सयाजीराव विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेऊन छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यातील एखाद्या संस्थेत रुजू झालेले असते, तर कोणी मकरपुरा जीआयडीसीतील (सरकारी औद्योगिक वसाहतीतील) वडिलांच्या कारखान्याचा कारभार नुकताच हाती घेतलेला असतो. "काका, इतका गुंता असलेला बदल घडवून आणायचा तर त्याचे नेतृत्व शिकायचे कुठे? कोणता कोर्स करायचा?" असे ते विचारतात. कोर्सचे उत्तर मी शेवटी देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. आधी मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो: तुमच्या मनातल्या बदलामुळे कोणाचे काय जाणार आहे, हे तुम्ही कागदावर लिहून काढले आहे का? आजवर एकानेही 'हो' म्हटलेले नाही. फायद्यांची यादी मात्र प्रत्येकाकडे तयार असते, आणि ती बहुधा पॉवरपॉइंटमध्ये असते.

या लेखातील सगळ्या पायऱ्या त्या उलट्या प्रश्नातून निघाल्या आहेत. नवखा माणूस असे धरून चालतो की, लोकांना बदल समजला की ते तो स्वीकारतील, आणि म्हणून तो समजावून सांगण्यात आपली सगळी शक्ती खर्च करतो. माझा अनुभव असा आहे की, आपल्या पदरचे काय जाणार हे लोकांना पहिल्याच बैठकीत पुरते उमगलेले असते. ते बोलून दाखवण्याची सोय मात्र तिथे नसते.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये वर्षानुवर्षे नेतृत्व हा विषय शिकवणारे रोनाल्ड हाइफेट्झ यांनी केलेला एक भेद नवख्यांना फार उपयोगी पडतो. काही प्रश्न तांत्रिक असतात: जाणकार माणूस येतो, दुरुस्ती करतो, आणि बाकीच्यांना आपल्या वागण्यात फारसा फरक करावा लागत नाही. दुसऱ्या जातीच्या प्रश्नात, ज्यांचा तो प्रश्न असतो त्यांनाच आपल्या सवयी, नाती आणि कधीकधी निष्ठासुद्धा बदलाव्या लागतात. तिथे बाहेरचा जाणकार फार तर सोबत करू शकतो. या दुसऱ्या जातीला मी माझ्यापुरता 'वागणुकीचा प्रश्न' म्हणतो.

आपल्याला जवळचे उदाहरण आणंदच्या सहकारी दूधसंघाचे, म्हणजे 'अमूल'चे. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते. संघाचे तंत्रज्ञ ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला भुकटीचा कारखाना उभा राहिला. हा तांत्रिक प्रश्न होता. अवघड होता, पण तांत्रिकच. मात्र आणंद तेव्हा ज्यात होते त्या खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्याने ज्या दलालाला पिढ्यान्‌पिढ्या दूध घातले, ज्याच्याकडून लग्नाला उचल घेतली, त्याला सोडून शेजाऱ्यांनीच मिळून काढलेल्या सहकारी संस्थेला दूध घालायचे, हे कुठल्याही यंत्राने साधणारे काम नव्हते. आणंदमध्ये दोन्ही प्रश्न एकाच वेळी समोर होते आणि ते सोडवणारी माणसेही वेगळी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. यंत्र आणले, सॉफ्टवेअर बसवले, प्रशिक्षण दिले, आणि सहा महिन्यांनी तीच तक्रार नव्या शब्दांत परत आली, तर समजावे की आपण वागणुकीच्या प्रश्नावर तांत्रिक औषध देत होतो.

दुसरी पायरी: बदलाचा जमाखर्च मांडा

ही पायरी मी स्वतः ठेच लागून शिकलो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

मकरपुऱ्यात व्हॉल्व्हचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात मालकाच्या मुलाने स्टोअरच्या नोंदी टॅब्लेटवर आणल्या. दोन महिने झाले तरी टॅब्लेटवरचा साठा आणि रॅकवरचा साठा जुळेना. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले होते आणि लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत नोंदी करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. 'त्यांना कॉम्प्युटर जमत नाही' असे निदान सगळ्यांनी केले, मीही केले. मी दहा दिवसांचे प्रशिक्षण सुचवले, ते झाले, आणि आकडे होते तिथेच राहिले. तेव्हा कुठे मला तिथे जाऊन बसण्याची बुद्धी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ऑपरेटर कार्बाइडची इन्सर्ट, म्हणजे यंत्रात बसवायचे धातू कापणारे छोटे पाते, मागायला आला. स्टोअरवाल्या काकांनी एका बोटाने, पण अचूक, टॅब्लेटवर नोंद केली. मग खण उघडून वही काढली, तीच नोंद पुन्हा लिहिली आणि ऑपरेटरच्या नावापुढे पेन्सिलने बारीकशी टिंब-रेघ काढली. ती कसली, असे विचारल्यावर ते आधी हसण्यावारी नेऊ लागले. चहा झाल्यावर सांगितले: आधीची इन्सर्ट वेळेआधी तुटली, त्याची ती खूण. एका महिन्यात अशा तीन खुणा झाल्या की ते त्या मुलाला बाजूला घेऊन दम देत. ऑफिसपर्यंत गोष्ट जाऊ देत नसत. टॅब्लेटवर तुटफूट नोंदली तर ती त्याच क्षणी नावानिशी मालकाला दिसणार होती आणि दिवाळीच्या बोनसमधून वळती होणार होती. म्हणून तुटलेल्या इन्सर्ट दुसऱ्याच खात्यावर पडत होत्या आणि साठा चुकत होता.

त्या पेन्सिलच्या खुणेला टॅब्लेटवर जागा नव्हती. काकांचे जाणार होते ते न्यायनिवाड्याचे स्थान. ऑपरेटरांचे जाणार होते ते डोक्यावरचे छत्र. शिफ्टमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते आणि प्रशिक्षण देणाऱ्या आम्हा शहाण्यांना तेवढे ठाऊक नव्हते. पुढे मालकाने पहिले तीन महिने तुटफुटीचा पगाराशी व बोनसशी संबंध ठेवणार नाही असे लेखी सांगितले आणि तुटफुटीची महिन्याची बैठक काकांच्या अध्यक्षतेखाली घेण्याचे ठरवले. हळूहळू आकडे जुळले. सगळे गोड झाले असे नाही; दोन ऑपरेटर सोडून गेले, आणि त्यांतला एक चांगला कारागीर होता.

तुमच्या जमाखर्चात चार रकाने असावेत. पहिल्यात माणूस किंवा गट लिहा, शक्य तितका नेमका. 'कर्मचारी' किंवा 'ग्रामस्थ' असे लिहिलेत तर काहीच लिहिले नाही असे समजा. दुसऱ्यात त्यांचे काय जाते ते लिहा. पैसा लगेच सुचेल, पण वेळ, अधिकार, मान, ओळखीपाळखीतून होणारी कामे आणि चूक झाकण्याची सोय याही गोष्टी जातात. तिसऱ्यात तोटा केव्हा होतो आणि फायदा केव्हा पोचतो, हे समोरासमोर मांडा. तोटा या आठवड्यात आणि फायदा पुढच्या वर्षी, अशी बहुतेक बदलांची तऱ्हा असते आणि हातावर पोट असलेल्या माणसाला ती परवडत नाही. चौथ्या रकान्यात हा तोटा कोण भरून देणार, हे लिहा. तो रिकामा राहिला तर काम सुरू करण्याची घाई करू नका.

वरचा पाठिंबा मिळाला की हे सगळे आपोआप निभावेल, असा भरवसा नवख्यांना असतो. त्यावर आपल्या बडोद्याइतका चोख दाखला दुसरीकडे मिळणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेत शिकायला पाठवले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने, आणि १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेही महाराजांच्याच दरबारी. म्हणजे सर्वोच्च सत्तेचा पाठिंबा पुरेपूर होता. तरी कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत मिळालेला आसरा जमावाने लाठ्या घेऊन येऊन हिरावला, आणि कमाटी बागेत झाडाखाली बसून काही तास काढल्यावर त्यांना बडोदे सोडावे लागले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बदलाचे काम शिकणाऱ्याने तिथे एकदा तरी जाऊन बसावे. महाराजांचा हुकूम आणि शिपायाचा हात यांच्यामध्ये किती अंतर असते, ते कुठल्याही आराखड्यापेक्षा तिथे चांगले कळते.

त्याच संस्थानात १९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला. दंड आकारले गेले, लोकांनी ते भरले आणि लग्ने होतच राहिली. लग्नाच्या खर्चात दंड ही आणखी एक बाब झाली, इतकेच. मुलीचे लग्न लांबवण्याने बापाचे भाऊबंदांत जे जात होते, त्या मानाने दंड स्वस्त होता.

तिसरी पायरी: जे नाही, त्याची यादी करा

आपल्यासारख्या देशांना लावला जाणारा 'उदयोन्मुख बाजारपेठ' हा शब्दप्रयोग आंत्वान व्हान आख्तमाल यांनी १९८१ साली, जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात असताना, रूढ केला. 'तिसरे जग' म्हटले की गुंतवणूकदार बिचकत, म्हणून हे गोंडस नाव. नावाने पैसा आला असेल, पण काम करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांची मांडणी कामाची आहे. ते म्हणतात की, अशा अर्थव्यवस्थांमध्ये विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये असायला हव्यात अशा मधल्या संस्था गैरहजर असतात: मालाची पारख करणारे, पत ठरवणारे, तंटा वेळेत मिटवणारे, माहितीची खात्री देणारे. प्रगत देशातून उचललेली योजना इथे कोसळते, ती अनेकदा या न दिसणाऱ्या खांबांवाचून.

गैरहजर संस्थांची ही पोकळी कधी पूर्ण रिकामी नसते, ही त्यात माझी भर. पारख करणारी प्रयोगशाळा नसते तिथे दलाल असतो; बँक नसते तिथे सावकार; न्यायालय लांब असते तिथे पंच किंवा गावगुंड. आपण ज्याला 'अडथळा' म्हणतो तो बहुधा एखाद्या गैरहजर संस्थेचे काम, महागात का होईना, करत असतो. त्याला हटवायचे तर ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी कोण करील, हे आधी ठरवावे लागते.

हे काम कसे केले जाते ते पाहायचे असेल तर आणंद जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे जावे. तिकडे संस्थेला 'दूध मंडळी' म्हणतात आणि तिच्या सचिवाला 'मंत्री'. बडोद्यातली आपली मराठी मंडळीही आता तेच शब्द वापरतात. मी पाहिले त्या मंडळीत सहाच्या सुमारास बायकांची रांग लागली होती. बरणी रिती झाली की वजन होत होते, लहानशा कुपीत नमुना जात होता, आणि काही सेकंदांत फॅटचा आकडा भिंतीवरच्या फलकावर लाल दिव्यांत उमटत होता, सगळ्या रांगेला दिसेल असा. एका बाईचा आकडा आदल्या दिवसाच्या ६.४ वरून ५.८ वर आला. मागून कोणी तरी हटकले. तिने वळूनही न पाहता सांगितले, "रेडकू सुटलं होतं," आणि चिठ्ठी घेऊन ती चालू लागली. धारेच्या शेवटच्या दुधात स्निग्धांश सर्वांत जास्त असतो. ते रेडकाने पिऊन टाकले तर फॅट उतरणारच. मंत्र्याशी तिने एका शब्दाने वाद घातला नाही.

पूर्वी हाच आकडा दलालाच्या मनात ठरत असे. सर्वांसमोर मोजमाप झाल्याने पारख करणारी संस्था तयार झाली, तीही गावातल्या एका खोलीत. उचल देणाऱ्या दलालाच्या जागी रोजच्या दुधाचा ठरल्या वेळी मिळणारा पैसा आला, गुरांच्या आजारपणात डॉक्टर आला, पशुखाद्य आले. म्हणजे दलालाची एकेक जबाबदारी वेगळी काढून तिची सोय लावली गेली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली आणि दोन मंडळ्या व दिवसाला सुमारे २५० लिटर दूध एवढ्यावर कामाला सुरुवात झाली. आज गुजरातच्या सहकारी संघांना सुमारे ३६ लाख उत्पादक दूध घालतात. या वाढीचे श्रेय जाहिरातीला देणाऱ्यांनी एकदा त्या लाल आकड्यासमोर उभे राहावे.

तुमच्या क्षेत्रात असाच एक 'लाल आकडा' शोधा. सर्वांना एकाच वेळी दिसणारे, कोणाच्या मर्जीवर न चालणारे एक मोजमाप. बचत गटात ते भिंतीवर लावलेले पासबुक असेल, कारखान्यात पाळीच्या शेवटी फळ्यावर लिहिलेली नाकारलेल्या मालाची संख्या.

चौथी पायरी: लहान करा, पण अख्खे करा

सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण एका झटक्यात सर्व संस्थानावर लादले नाही. आधी अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत प्रयोग झाला, आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू झाला. मध्ये बाराहून अधिक वर्षे गेली. आजच्या कुठल्याही अनुदान देणाऱ्या संस्थेला किंवा गुंतवणूकदाराला हा कालावधी सांगून पाहा.

लहान प्रयोगाबद्दल एक सावधगिरी. आपण प्रयोगासाठी सर्वांत उत्साही गाव, सर्वांत शहाणा सुपरवायझर आणि स्वतःचा सर्वांत जास्त वेळ देतो, आणि मग प्रयोग यशस्वी झाल्याचे आश्चर्य मानतो. प्रयोगाची जागा मध्यम प्रतीची निवडा. तिथला मुख्य माणूस चार महिन्यांत बदलला तरी काय होते ते पाहा. आणि प्रयोग आकाराने कितीही लहान असला तरी साखळी पूर्ण हवी. शंभर बायकांना पापड करायला शिकवले आणि विक्रीचे 'पुढच्या टप्प्यात पाहू' म्हटले, तर तुम्ही बदलाचा प्रयोग केला नाही, शिबिर घेतले. दहाच बायका घ्या, पण डाळ उधारीवर मिळवण्यापासून दुकानदाराकडून पैसे वसूल होईपर्यंत सगळे एकदा होऊ द्या. कुठे गळते ते तेव्हाच दिसते, आणि बहुतेक वेळा वसुलीत गळते.

पाचवी पायरी: अधिकार नसताना काम करायला शिका, आणि एकटे करू नका

नवख्याच्या हाती सही करण्याचा अधिकार क्वचितच असतो. हे वाईट नाही. अधिकार नसला की माणसाला ऐकावे लागते.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवायची ठरवली, तेव्हा कामगार खात्याने हरकत घेतली की, या बायकांना मालकच नाही, मग लढणार कोणाशी? त्यांची बाजू अशी होती की, संघटना मालकाविरुद्धच असावी लागते असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठीही असते. नोंदणी झाली. १९७४ साली सुमारे ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. इथे शिकण्यासारखे हे की, खात्याचा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या नमुन्यातल्या रकान्यात ही बाई बसत नव्हती. रकाना बदलून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. त्यासाठी कायद्याची कलमे स्वतः वाचावी लागतात आणि अधिकाऱ्याला त्याच्या वरिष्ठापुढे मांडता येईल असे कारण आयते तयार करून द्यावे लागते. माझ्या ओळखीतील चांगले कार्यकर्ते अर्जाबरोबरच त्या अर्जावर लिहिला जावा असा शेरासुद्धा मनात तयार ठेवून जातात.

एकटेपणाबद्दल. आपल्याकडे प्रत्येक बदलाची गोष्ट एका महापुरुषाच्या नावावर जमा होते. आणंदची गोष्ट वर्गीस कुरियन यांच्या नावावर आहे. ते १३ मे १९४९ रोजी आणंदला आले तेव्हा २७ वर्षांचे होते, सरकारी नोकरीच्या करारापोटी नाइलाजाने आले होते आणि गुजराती त्यांना येत नव्हते. त्यांच्या आधी तिथे त्रिभुवनदास पटेल होते, गावोगाव पायी फिरलेले, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले अध्यक्ष. शेतकऱ्यांची मने आणि राजकारण त्रिभुवनदासांनी सांभाळले, धंदा कुरियननी, तंत्र दलायांनी. १९४६ साली मुंबई सरकारने पोल्सन या खासगी कंपनीला दिलेल्या दूध-खरेदीच्या मक्तेदारीविरुद्ध खेड्याच्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध ओतून दिले, पण घातले नाही. तो संप कुरियन येण्याच्या तीन वर्षे आधीचा आहे. लोकांनी तोटा सोसण्याची तयारी आधी दाखवली होती, व्यवस्थापक नंतर आला.

म्हणून सुरुवातीलाच स्वतःला विचारा की, या तिघांपैकी तुम्ही कोण आहात. मग उरलेले दोघे शोधा. तुम्हाला हिशेब येतो पण गावात बोलायला जीभ उचलत नाही, तर ती कमतरता सुधारण्यात पाच वर्षे घालवण्यापेक्षा जिचा शब्द गावात चालतो अशी बाई सोबत घ्या आणि तिच्या निर्णयाला खरोखर मान द्या.

विरोधकाशी बोलण्याबद्दल एकच सांगतो: बैठकीच्या आधी बोला, त्याच्या घरी किंवा त्याच्या दुकानावर जाऊन, आणि पहिल्या भेटीत त्याचे मत बदलण्याचा प्रयत्न करू नका. तुमच्या जमाखर्चातला त्याचा रकाना त्याला दाखवा आणि त्यात काय राहिले ते विचारा. माझ्या वह्यांतल्या अर्ध्याअधिक दुरुस्त्या अशा भेटींत झालेल्या आहेत.

सहावी पायरी: सांगाड्याची नक्कल करू नका

१९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० ते १९९६ या काळात दुधाचा महापूर योजना तीन टप्प्यांत राबवली गेली. युरोपातून देणगी म्हणून आलेली भुकटी व लोणी-तेल फुकट न वाटता ते शहरांच्या दूधपुरवठ्यात विकून त्या पैशातून सहकारी संस्था उभ्या करायच्या, ही त्यातली युक्ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. फुकट वाटले असते तर गावातल्या दुधाचा भाव पडून शेतकरी बुडाला असता. या 'आणंद पद्धती'चा सांगाडा देशभर गेला: गावात संस्था, जिल्ह्यात संघ, राज्यात महासंघ. काही ठिकाणी तो रुजला. जिथे निवडलेल्या अध्यक्षाऐवजी सरकारने नेमलेला अधिकारी बसला, तिथे तक्ता हुबेहूब तोच राहिला आणि त्याचा जीव निघून गेला. तुम्ही कुठूनही नमुना आणलात, तर त्यातला कोणता भाग काढल्यास तो मरतो, हे त्या ठिकाणच्या जुन्या माणसाला विचारून या. पुस्तिकेत ते लिहिलेले नसते.

आता कोर्सबद्दल

आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, जिला सगळे 'इर्मा' म्हणतात, १९७९ पासून हे काम शिकवते आहे आणि २०२५ साली तिच्याच जागी त्रिभुवन सहकारी विद्यापीठ आकाराला आले. तिथल्या शिक्षणात विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहावे लागते. माझ्या मते शुल्काचे पैसे तेवढ्यासाठी वसूल होतात. धंद्याच्या बाजूने जाणाऱ्यांना अहमदाबादची व्यवस्थापन संस्था आहे. समाजकार्याकडे जाणाऱ्यांना आपल्या सयाजीराव विद्यापीठातच जुना विभाग आहे. नोकरी किंवा कारखाना सांभाळून शिकायचे असेल तर कोर्सपेक्षा तिघाचौघांचा गट करा आणि महिन्यातून एकदा, फतेगंजात म्हणा की दांडिया बाजारात, कोणाच्या तरी घरी बसा. प्रत्येकाने आपल्या कामातला एक अडलेला प्रसंग सांगायचा. इतरांनी पहिली वीस मिनिटे फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. हा नियम मोडण्याचा मोह आपल्या मराठी माणसांना फार होतो, म्हणून घड्याळ समोर ठेवा.

रोजनिशी ठेवा, पण भावनांची नको. कामाच्या प्रत्येक दिवशी तीन ओळी पुरेत: आज काय होईल असे वाटले होते, काय झाले, आणि फरक कशामुळे पडला असावा. पहिली ओळ सकाळीच लिहा. संध्याकाळी लिहिली तर ती घडलेल्या गोष्टीशी जुळवून घेतली जाते; मी स्वतः कित्येक महिने अशी फसवी रोजनिशी लिहिली आहे.

सुरुवात करायला सोपे म्हणून पहिल्या महिन्याचा अभ्यास सांगतो. बडोद्याहून आणंद चाळीसेक किलोमीटर आहे. ओळख काढून एखाद्या गावच्या दूध मंडळीत सलग तीन सकाळी जा. मंत्र्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण त्या दीड तासात त्याला तुमच्याशी बोलायला सवड नसते. रांगेच्या शेवटी उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा. कोण कोणाच्या आधी दूध घालते, आकडा उतरल्यावर कोण काय बोलते आणि कोण गप्प राहते, एवढेच परतीच्या गाडीत लिहा. चौथ्या दिवशी मंत्र्याकडे दुपारी जा आणि विचारा की, मंडळी निघाली तेव्हा या गावात कोणाचे काय गेले. तिथून परत आल्यावर तुमच्या स्वतःच्या बदलाची वही उघडा आणि दुसरा रकाना भरायला घ्या.